शेवटचा पापुद्रा

“कंट्रोल निळा आला होता ना, काका?” डॉक्टर मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच विचारलं.

“आला होता की,” पापुद्रेकाका म्हणाले आणि त्यांचे कान तापले. कंट्रोल त्यांनी लावलाच नव्हता.

इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात एकतीस वर्षं ते रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पापुद्रे काढून काचेवर चढवत आले होते. इतके पातळ, की फुंकर मारली तर उडून जावेत. म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच सुखात होतं.

आजचा तुकडा दोऱ्याएवढा होता, शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मूत्रपिंडातल्या गाठीचा. बाईला जन्मापासून मूत्रपिंडच एक. गाठ एक तर ऑन्कोसायटोमा, म्हणजे क्वचित होणारी, साधी, जागच्या जागी वाढणारी. नाही तर हुबेहूब तसाच चेहरा घेऊन आलेला कॅन्सर. भलेभले इथं फसतात. म्हणून लोहाचा खास रंग द्यायचा. कॅन्सर असेल तर तो निळा होतो, साधी गाठ फिकी राहते. पण रंगच मेलेला असला तर? मग सगळंच फिकं! त्यासाठी शेजारी कंट्रोल हवा, आधीच ठाऊक असलेल्या कॅन्सरचा एक पापुद्रा. तो निळा झाला तरच रंगावर विश्वास ठेवायचा.

आणि कंट्रोलची ती एकुलती एक मेणाची वडी होती काकांच्या बायकोच्या गाठीची.

तिची गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. ती जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि दहा वर्षांनी जुन्या वड्या फेकून द्यायच्या हा तिथला नियम. ती वेळ आली तेव्हा काकांनी गुपचूप ती वडी कंट्रोलच्या डबीत टाकली. त्या डबीला कोणी हात लावत नाही. मूल ना बाळ. संध्याकाळी कुलूप काढायचं आणि रिकाम्या घराला “आलो गं” म्हणायचं. तिचं म्हणून जे काही उरलं होतं, ते या नखाएवढ्या वडीत. दर वेळी एक पापुद्रा कमी होत होत आता एकच निघण्यासारखा राहिला होता. आज सकाळी तो काढणं त्यांच्या जिवावर आलं. ‘परवाच तर रंग झकास चालला होता,’ अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

बाहेर रिपोर्टच्या खिडकीशी त्या बाईचा भाऊ उभा होता. सकाळपासून चार वेळा येऊन गेलेला.

“काका, ताईचा रिपोर्ट? उद्या सकाळी ऑपरेशन ठरलंय हो. किडनी काढली तर जन्मभर मशिनवर, म्हणतात. साधी निघेल ना?”

“माझ्या हातात काय आहे, बाबा,” काका म्हणाले.

म्हणाले खरे आणि जेवणाचा डबा उघडला. पण सगळं त्यांच्याच तर हातात होतं! ताईची काच फिकी आली होती. रंगच मेलेला असेल तर ती हसत घरी जाईल, पोटात कॅन्सर घेऊन. आपली ही गेली तशीच जाईल. त्यांनी डबा झाकला आणि ते तडक मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, सही करू नका. मी खोटं बोललो. कंट्रोल लावलाच नव्हता.”

मॅडमचं पेन थांबलं. “काका? अहो, तुम्ही? मग मी कुणावर भरवसा ठेवायचा?”

“दोन तास द्या. मग काय बोलायचं ते बोला.”

त्यांनी रंग ताजा बनवला. आधी शिवणवाल्या बाईचा नवा पापुद्रा काढला. मग ती वडी यंत्रात बसवली.

“शेवटचंच हं. माफ कर,” ते पुटपुटले आणि चाक फिरवलं. पापुद्रा कोमट पाण्यावर पसरला, काचेवर चढला. वडीत नुसतं मेण राहिलं.

मॅडमनी दोन्ही काचा पाहिल्या. एकदा, मग पुन्हा एकदा.

“बाईची फिकीच आहे. आणि कंट्रोल... वा! ऑन्कोसायटोमाच, काका. साधी गाठ.” त्यांनी लगेच सर्जनला फोन लावला, उद्याचं ऑपरेशन थांबवा म्हणून. फोन ठेवला, रिपोर्टच्या खिडकीशी निरोप पाठवला आणि परत काचेकडे वळल्या. “इतका सुरेख निळा फार दिवसांत नाही बघितला. कुणाची हो ही वडी?”

“आमच्या हिची,” काका म्हणाले. “आता संपली.”

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. “बसा.”

त्या खुर्चीत काका कधी बसले नव्हते. पापुद्रे काढायचे ते, बघायचे दुसऱ्यांनी. त्यांनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

बाहेर तो भाऊ फोनवर ओरडत होता, “ताई, अगं साधी आहे! साधी!”

“हिला निळा रंग मुळीच आवडायचा नाही,” काका म्हणाले, आणि डोळे न काढता बसून राहिले.