पंचनाम्यावरची सही

तुळशीराम मेश्रामला पोलीस ठाण्यातले शिपाई पाठीमागे 'कायदा साहब' म्हणत. नावात कौतुक कमी, वैताग जास्त होता. सख्ख्या साळ्याची मोटरसायकल कागद नाहीत म्हणून त्यानं स्वतः जप्त केली होती. एकदा गोंदियाचं लग्न आटपून आल्यावर बायकोनं, सत्यभामेनं, पोरीच्या शाळेसाठी 'ताप होता' अशी चिठ्ठी लिहिली. यानं ती फाडली आणि 'लग्नाला गेलो होतो' अशी दुसरी लिहून दिली. रुचिताला त्या दिवशी वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. बापाशी ती दोन दिवस बोलली नाही.

त्याचे वडील रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते. मरेपर्यंत ते एकच सांगत राहिले, "आपल्याले कायद्यानं माणूस केलं, बापू. त्याच्याशी खोटं बोलू नोको." तुळशीरामनं ते मनावर घेतलं होतं. जरा जास्तच, असं सत्यभामेचं म्हणणं.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. रोज कुठला तरी मंत्री यायचा, रोज बंदोबस्त लागायचा. जमिनीचे भाव असे चढले की भनपुरीतल्या ट्रकांच्या चिखलातल्या तुकड्यावरही लोकांचा डोळा पडू लागला. असा एक तुकडा दिवाकरचा होता. दिवाकर तिथल्याच एका ट्रान्सपोर्टमध्ये मुनशी होता आणि तुळशीरामचा शाळेपासूनचा दोस्त. रेल्वे कॉलनीत दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. प्लॉटच्या शेजारी निरंजन ठेकेदाराचं गोदाम होतं. निरंजनला प्लॉट पाहिजे होता, दिवाकर देत नव्हता. मार्च महिन्यातल्या एका सकाळी दिवाकर गोदामामागच्या रस्त्यावर मेलेला सापडला. डोकं फुटलं होतं.

तपास तुळशीरामकडे आला. गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं, गोदूनं, आदल्या संध्याकाळी निरंजनला हातात टॉमी घेऊन जाताना पाहिलं होतं. टॉमी म्हणजे ट्रकचं टायर काढायची लोखंडी पहार. तिसऱ्या दिवशी तुळशीराम विमानतळावर बंदोबस्ताला होता, तेव्हा हवालदार रामकृष्णनं निरंजनला उचललं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम कोठडीत गेला. निरंजन भिंतीला टेकून बसला होता. फार विचारावंच लागलं नाही.

"एकच मारली, साहब," तो म्हणाला. "वो मान ही नहीं रहा था."

तुळशीराम बाहेर आला. दिवाकरची बायको सुशीला ठाण्याच्या व्हरांड्यात बसली होती. तो तिला म्हणाला, "वहिनी, सुटत नाही आता तो." मग आत येऊन त्यानं रामकृष्णनं पुढं ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर एकामागून एक सह्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता. डोळ्यांपुढं दिवाकर होता.

खटला दीड वर्षानं उभा राहिला. गोदू साक्षीला आला आणि म्हणाला, मी काही पाहिलंच नाही. त्याच्या टपरीच्या जागी तेव्हा पक्कं हॉटेल झालं होतं. आता सगळी केस टॉमीवर होती. पंचनाम्यात लिहिलं होतं की अटकेनंतर आरोपीनं स्वतः नालीतली जागा दाखवली आणि दोन पंचांसमोर संध्याकाळी साडेसहाला टॉमी निघाली. तिच्यावर माणसाचं रक्त होतं, आणि जागा निरंजननं दाखवली एवढाच तिचा त्याच्याशी धागा होता.

तुळशीरामच्या साक्षीच्या आदल्या दिवशी रामकृष्ण त्याच्याजवळ आला.

"साहब, वकील टाइम पूछेगा. साढ़े छह ही बोलना."

"साडेसहालाच निघाली ना?"

रामकृष्ण घुटमळला. "मिली तो दोपहर में थी, साहब. मैं अकेला था. निरंजन को तो शाम को पकड़ा. पंचों से थाने में दस्तखत करवा लिए. नहीं तो केस में कुछ बचता ही नहीं था."

तुळशीरामनं फाइल ओढून पंचनामा काढला. त्या कागदाखाली त्याची स्वतःची सही होती.

जेवताना त्यानं सत्यभामेला सांगितलं. तिचा हात थांबला.

"कोर्टात नाही विचारलं तं?"

"मीच सांगीन."

"दिवाकरभाऊ या घरात जेवले आहे. सुशीलाच्या तोंडाकडे तं पाहा."

"खोट्या कागदावर सजा मागू?"

"खोटं काय हाये त्यात? मारलं तं त्यानंच ना?"

"त्यानंच मारलं."

"मंग?"

"कागद खोटा हाये, सत्यभामा."

तिनं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. त्यातलं अन्न तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. दुपारी मिळाली, अटकेच्या आधी मिळाली, पंच तिथं नव्हते, मी न वाचता सही केली. निरंजनचा वकील पुढचा प्रश्नच विसरला. सरकारी वकिलानं फाइल मिटली. मागच्या बाकावर सुशीला होती. तिला हिंदीतलं कोर्टाचं बोलणं अर्धंच समजत होतं, म्हणून ती शेजारच्या बाईला विचारत राहिली, "काय म्हणून राहिले भाऊ? काय म्हणून राहिले?"

महिनाभरात निरंजन निर्दोष सुटला.

रामकृष्णला आधी निलंबित केलं, मग काढूनच टाकलं. जाताना तो तुळशीरामला सलाम न करता म्हणाला, "मैंने झूठ अपने लिए लिखा था क्या, साहब?" न वाचता सही केली म्हणून तुळशीरामचीही चौकशी लागली. उत्तरात त्यानं एकच ओळ लिहिली: आरोप खरा आहे. त्याला पोलीस लाइनीत बसवलं. तिथं त्याला ना तपास, ना टेबल.

सुशीलानं प्लॉट निरंजनला विकला. दुसरं कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. ती माहेरी तुमसरला निघाली त्या सकाळी तुळशीराम तिच्या घरी गेला. सामान बांधून दाराशी ठेवलं होतं. तिनं त्याला बसायला सांगितलं नाही.

"भाऊ, खरं सांगा. त्यानंच मारलं ना?"

"हो."

"तुम्हाले कसं मालूम?"

"माह्याजवळ कबूल झाला होता."

"मंग कोर्टात तेच काहून नाही सांगितलं?"

"पोलिसाजवळची कबुली कोर्टात चालत नाही, वहिनी."

सुशीलानं मान हलवली, हिशेब समजल्यासारखी. "त्याचं खरं तिथं चालत नाही," ती म्हणाली, "आन् आमच्यासाठी एक खोटं तुमच्याजवळ चालत नाही. मंग माह्या माणसासाठी काय चालते, भाऊ?"

रिक्षा आली. त्यानं पेटी उचलायला हात पुढं केला. तिनं ती स्वतःच उचलली.

दिवाळीच्या आधी तो सत्यभामा आणि रुचितासोबत सदर बाजारात गेला होता. गर्दी इतकी की स्कूटरवाले चालणाऱ्यांच्या अंगावर येत होते. एका सराफाच्या दुकानातून निरंजन बाहेर पडला. तुळशीरामला पाहताच तो पायऱ्या उतरून आला आणि भर बाजारात वाकून त्यानं त्याचे पाय धरले.

"साहब, आप जैसा ईमानदार आदमी इस शहर में दूसरा नहीं है," तो मोठ्यानं म्हणाला. "मेरे बच्चे आपका नाम लेते हैं." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तो मनापासून बोलत होता.

लोक थांबून पाहू लागले. रुचिता आता अकरावीत होती. तिनं विचारलं, "पापा, ये कौन हैं?"

तुळशीरामनं पाय मागं घेतले. "यानं दिवाकरकाकाला मारलं," तो म्हणाला.

निरंजन सरळ उभा राहिला. त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "ऐसा मत बोलिए, साहब. कोर्ट ने बरी किया है. आप ही की गवाही पे. क़ानून तो आप मानते हैं ना?"

कायद्यानं तो माणूस निर्दोष होता. आत्ता चार लोकांत जे तोंडातून गेलं, ते तुळशीरामच्या स्वतःच्याच हिशेबानं गुन्हा होतं. निरंजन हात जोडून गर्दीत निघून गेला.

"चला," सत्यभामा म्हणाली. रुचिता बापाच्या बाजूनं सरकून आईच्या बाजूला गेली आणि तिघं तशीच गोल बाजारापर्यंत चालत राहिली. चालताना तुळशीराम मनातल्या मनात पुन्हा त्या पिंजऱ्यात उभा राहिला. वकिलानं पुन्हा तेच विचारलं. त्याचं उत्तर तेच आलं, एक शब्दही हलला नाही. उत्तर बदलतं का म्हणून त्यानं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करून पाहिलं. सत्यभामा एका दुकानापुढं थांबून पणत्यांचा भाव विचारत होती. तिनं मागं वळून पाहिलं, तर तो रस्त्यातच उभा होता आणि स्कूटरवाले त्याला शिव्या देत वळसा घालून जात होते.