खडकावरचा बिंदू

सकाळी चहा पिता पिता आमचं ध्यान म्हणालं, "एक बिंदू तर थेट उघड्या खडकावर पडला होता! मी म्हटलं, इथे काय डोंबल मोजायचं? सरकलो जरा पुढे, झाडांत." आणि स्वतःच खो खो हसलं.

आमचं ध्यान म्हणजे माझा नवरा. रानातली झाडं मोजणाऱ्या तुकडीचा नवा प्रमुख, तोही अजून कच्च्या नेमणुकीवर. नकाशावर आधीच ठरलेल्या बिंदूंपाशी जाऊन याने झाडं मोजून आणायची, आणि मी ऑफिसात बसून त्यावरून दहा वर्षांचा आराखडा करायचा, दर वर्षी किती लाकूड तोडायचं त्याचा. तो आराखडा आजच मंजूर व्हायचा होता.

"आणखी कुठे कुठे सरकलास?"

"जिथे मोकळं होतं तिथे. का गं?"

"का गं म्हणे! अरे, बिंदू पडेल तिथेच मोजायचं असतं. खडक असो, दलदल असो. काही नसेल तर काही नाही असं लिहायचं. एकेक बिंदू आजूबाजूच्या अख्ख्या रानाच्या वतीने बोलतो. तू मोकळ्या जागा गाळल्यास आणि कागदावर रान गच्च भरलं. मी त्या गच्च रानाच्या हिशेबाने तोड ठरवून बसले! वाढतं त्यापेक्षा जास्त कापणार आपण, दहा वर्षं!"

त्याचा चेहरा पडला. "मला झाडं मोजायला सांगितली, मी झाडं मोजली," तो पुटपुटला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "आज काही बोलू नकोस ना. आज मला कायम करणार आहेत. पुढच्या आराखड्यात करू दुरुस्त."

पुढच्या! तोवर सगळे उतार बोडके होतील. डोक्यात तिडीक गेली माझ्या, पण त्याच्याकडे बघितलं आणि शब्द गिळले. मधे बरेच दिवस हा माणूस घरी बसून होता. भांडी घासायचा, बाजार आणायचा, आणि कुणी "सध्या काय चाललंय?" विचारलं की पाणी प्यायला म्हणून उठून जायचा. ही नोकरी लागल्यापासून शीळ घालायला लागला होता.

ऑफिसला आम्ही एकाच स्कूटरवरून गेलो. मी मनातल्या मनात शंभरदा बोलले आणि शंभरदा गप्प बसले.

मीटिंगच्या खोलीत मोठे साहेब भलतेच खुशीत होते. "रान काय भरलंय! मोजणीवाल्यांनी चोख काम केलंय. तुमच्या नवऱ्याला आजच कायम करून टाकू. चला बाई, सही करा." शेजारी बसलेला वखारवाला तर नव्या करवतींच्या गोष्टी करत होता.

मी पेन हातात घेतलं. नवरा दाराजवळच्या खुर्चीवर होता. माझ्याकडे बघून मान हलवत होता, अगदी थोडीशी. नको. नको.

"मी सही नाही करत," माझ्या तोंडून निघालं. आवाज इतका चिरका की माझा मलाच ओळखू येईना. "मोजणी चुकलीय. मोकळ्या जागेतले बिंदू झाडांत सरकवलेत."

साहेब नवऱ्याकडे वळले. "खरंय हे?"

"नाही, साहेब. जिथे पडला तिथेच मोजलं."

अरे देवा! या माणसाने घरात कधी दूध उतू गेल्याचंसुद्धा माझ्यापासून लपवलं नव्हतं. वखारवाला गालात हसला. "घरचं भांडण इथे आलेलं दिसतंय."

मी उभी राहिले. "बिंदूवर लोखंडी खुंटी ठोकतात. खडक असला तर रंगाची फुली मारतात. गाडी काढा, बघून येऊ."

जीप वळणं घेत वर चढत होती आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मीच चुकले असेन तर? बरोबर असेन तर याचं काय? नवरा मागे बसून बाहेर बघत होता. वर पोचल्यावर साहेब जीपीएस हातात धरून खडकावरच्या त्या बिंदूपर्यंत चालत गेले आणि थांबले. पायाखाली उघडा, तापलेला खडक. फुली नाही, काही नाही.

"पावसाने रंग गेला असेल," साहेब म्हणाले. त्यांनाही माझी सही हवीच होती. "चला, परत जाऊ."

झालं, म्हटलं मी. संपलं.

"साहेब, इकडे या."

नवरा केव्हाच पुढे झाडांत शिरला होता. गुडघ्यांवर बसून पालापाचोळा बाजूला सारत होता. "खुंटी इथे आहे. मीच ठोकलीय."

साहेबांनी वाकून खुंटी हलवून बघितली. "म्हणजे सगळं परत मोजायचं," ते म्हणाले. "आता दुसऱ्या माणसांकडून."

"हो. पण कुठे कुठे सरकलो ते मलाच ठाऊक आहे. त्या सगळ्या जागा दाखवतो, साहेब. मग काढून टाका मला."

मला रडू फुटलं, आणि तेवढाच संतापही आला. "अरे, हेच मघाशी तिथे बोलला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तिथे मला कायम करणार होते गं," तो म्हणाला. "इथे तुला खोटी ठरवत होते."