चौथा भोपळा

ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या स्वयंपाकघरात उजेड फार सावकाश येतो. आधी समोरच्या इमारतीच्या कौलांची कड तेवढी राखाडी होते, आणि खिडकीच्या काचेवर रात्रभर साचलेला दमट थर दिसू लागतो. मग तो उजेड आत उतरतो, थंडीने खंगलेल्या तुळशीच्या कुंडीपाशी थोडा रेंगाळतो, आणि परवानगी मागत मागत टेबलाच्या लाकडावर पसरतो. त्याला रंग असा नसतो. पाण्यात दुधाचे दोन थेंब पडावेत तेवढाच तो पांढुरका असतो. त्या सकाळी त्या उजेडात उटण्याची वाटी, तिच्या कडेवर वाळलेला बोटांचा ठसा, उर्जाने अर्धी चावून सोडलेली चकली, खुर्चीच्या पाठीवरचा ओला टॉवेल, अशा वस्तू एकेक करून आपापल्या जागी परत येत होत्या. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलो होतो आणि दीड वर्ष रोज पाहिलेले ते सारे पुन्हा पाहत होतो. कपाटाच्या दाराची सैल बिजागरी मी बसवलेली होती. खिडकीखालच्या हीटरची कुरकुर कशी थांबवायची हे फक्त मला ठाऊक होते. माणूस एखाद्या घराचा होतो तो अशाच रीतीने होत असावा, असे मला वाटत असे.

मग उजेड दारामागच्या खुंटीपर्यंत पोहोचला, आणि मला तिथे तीन पांढरे झगे टांगलेले दिसले.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. शाळेला सुट्टी होती, दुसरा दिवस शुक्रवार, तोही सुट्टीचा, आणि त्याला लागून शनिवार-रविवार. सुमेधाने सारे आखून ठेवले होते. आज पहाटे अभ्यंगस्नान, मग शहराबाहेर भोपळ्यांच्या शेतावर, संध्याकाळी भुते होऊन इमारतींमधल्या अंगणात मुलांची फेरी. उद्या लक्ष्मीपूजन, शनिवारी प्राणिसंग्रहालय. सुमेधा एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. उर्जा तिची सात वर्षांची मुलगी. उर्जाचे वडील देवदत्त दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि हेर्त्सोगेनआउराख नावाच्या दुसऱ्या जर्मन गावी नोकरी घेऊन तिकडेच राहू लागले. मी त्यांना पाहिले होते ते फक्त एका जुन्या फोटोत. त्यात त्यांचे डोके दाराच्या चौकटीला टेकायचे तेवढे बाकी होते.

मी इथल्या तांत्रिक विद्यापीठात संशोधन करतो. सुमेधाची जाहिरात वाचून तिच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी तिने मुलीला सांगितले, "हा गौरांगकाका हं." उर्जाला मराठी सगळे समजते, पण ती उत्तर देते जर्मनमध्ये. 'काका' एवढा एक शब्द मात्र ती मराठीत म्हणे. कोणी दिलेले नाजूक भांडे उंच फळीवर ठेवावे, तसा तो शब्द मी जपून ठेवला होता.

सुमेधाला मात्र मी कोणत्याच नावाने हाक मारत नसे. 'ताई' म्हणायला जीभ वळेना, आणि नुसते 'सुमेधा' म्हणण्याचा धीर नव्हता. मी 'अहो'वर भागवत असे. तिच्या मैत्रिणीने, कादंबरीने, एकदा ते ऐकले आणि ती खो-खो हसली होती. "अगं, हा तुला अहो म्हणतो? सगळं उलटंच की तुमच्याकडे!" सुमेधाही हसली होती. मी दोन दिवस त्या हसण्याचा अर्थ लावत होतो.

मी उठून तिसरा झगा अंगाला लावून पाहिला. तो माझ्या पावलांवरून फरशीवर लोळला. बाह्यांत माझी बोटेसुद्धा बुडाली. सुमेधा एखादे काम अंदाजाने करणाऱ्यांपैकी नव्हे. उर्जाच्या झग्यासाठी तिने दोनदा टेप लावली होती. माझे माप तिने घेतलेच नव्हते.

"कसे झालेत?" मागून तिचा आवाज आला. मी झगा घाईने खुंटीला अडकवला.

"छान. तिसरा जरा लांब वाटतो."

"भूतच ना ते. लांबच बरं," ती म्हणाली आणि चहाचे पातेले विसळायला वळली.

तेव्हा मला गेल्या काही दिवसांतले सारे आठवले. फोन आला की ती बाल्कनीत जाई, एवढ्या थंडीत अंगात कोट न घालता, आणि दार ओढून घेई. मी स्वयंपाकघरात शिरलो की "आल्झो, बरं तर, नंतर बोलू" असे म्हणून बोलणे आवरते घेई. टेबलावर फोन ठेवला तर तो पालथा.

मी विषय बदलण्यासाठी माझी खरेदी दाखवली. पणत्या मिळाल्या नव्हत्या, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल रंगाचे, सोनेरी टोपणाचे दिवे आणले होते. वाऱ्याने न विझणारे. मी ते पहाटेच बाल्कनीच्या कठड्याशी ओळीने मांडून ठेवले होते. सुमेधा ते पाहून थबकली. तिने ओठ घट्ट मिटले, पण डोळ्यांत हसू आलेच.

"चांगले नाहीत का, अहो?"

"नाही नाही, मस्त आहेत. राहू देत." तिने फोन काढला, दिव्यांचा एक फोटो घेतला, आणि तिथेच उभी राहून तो कोणाला तरी पाठवला. उत्तर लगेच आले. ते वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी दीड वर्षात एकदाही पाहिले नव्हते.

कोणाला पाठवला, हे मी विचारले नाही. मी विचारणाऱ्यांतला नाही.

शेतावर जायला एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, अर्धा तास लागला. स्टेशनपासून पुढे रस्त्याकडेच्या मेपलच्या झाडांखाली पानांचा असा खच होता की उर्जा पाय उचलून चालतच नव्हती, पाने ढकलत पोहत होती. शेताच्या तोंडाशी भोपळ्यांचे ढीग होते, नारिंगी, हिरवे, चामखिळींनी भरलेले. गवताच्या गाठी रचून मुलांसाठी वळणावळणांच्या वाटा केल्या होत्या. धुके अजून जमिनीलगतच होते, आणि त्यात शिरणारी मुले कमरेपर्यंत नाहीशी होत. एरवी ते दृश्य मला आवडले असते. त्या दिवशी मी फक्त उर्जाची लाल टोपी नजरेआड होऊ देत नव्हतो.

सुमेधाने ढिगातून भोपळे निवडले. एक मोठा, एक मध्यम, एक लहान. मग थोडा विचार करून तिने चौथाही उचलला, गोल, गुळगुळीत, बाकीच्यांहून वेगळा, फिकट रंगाचा.

"चार?" मी म्हणालो. "आपण तर तिघंच आहोत."

तिने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलणार होती. "हो रे," एवढेच ती म्हणाली. "असू दे. धर हा."

उर्जा तेवढ्यात गवताच्या गाठीवरून उडी मारून आली आणि आईच्या कोटाला लोंबकळत पुटपुटली, "मामा, डार्फ इश एस इम झागन?" म्हणजे, आई, मी त्याला सांगू का?

"नाइन," सुमेधा म्हणाली. "आत्ता नाही. मी सांगेन."

उर्जाने तोंडावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर तो चौथा भोपळा होता. मी खिडकीबाहेर पाहत सारे तुकडे जुळवीत होतो. लांब झगा, बाल्कनीतले फोन, एक जास्तीचा भोपळा. देवदत्त येणार होते, यात मला शंका उरली नव्हती. प्रश्न एवढाच होता की कशासाठी, आणि त्याचे उत्तरही मी क्षणात शोधून काढले: मुलीला घेऊन जाण्यासाठी. सुमेधावर त्यांनी काहीतरी दडपण आणले असणार. आधी सणाच्या निमित्ताने गोड बोलायचे, मुलीला लळा लावायचा, आणि मग एके दिवशी तिची बॅग भरायची. हे विचार जितके काळे होत गेले तितके मला, आश्चर्य म्हणजे, बरे वाटत गेले. या घराला राखणारा कोणीतरी हवा होता, आणि मी तिथे होतो.

"गौरांग, बरं वाटत नाहीये का तुला?" सुमेधाने विचारले.

"हो. म्हणजे नाही. बराच आहे."

"जा," ती माझ्या गोंधळलेल्या उत्तरावर हसून म्हणाली, "कळलं बरं का सगळं."

साडेपाचलाच अंधार पडला. बाल्कनीत आकाशकंदील लागला, त्याखाली माझे लाल दिवे. अंगणात चेटकिणी, सांगाडे, एक वटवाघूळ आणि दोन भोपळे धावत होते. दारोदार "झ्यूसेस ओडर झाउरेस!" असा ओरडा चालला होता; खाऊ द्या, नाहीतर खोड्या करू. मुले आमच्या बाल्कनीकडे बोटे दाखवून किंचाळत होती. उर्जाची मैत्रीण लेना तर म्हणाली की सगळ्यांत भीतिदायक घर हेच. मला ते कळले नाही, पण अभिमान वाटला. मी साध्या कोटातच होतो. मला कोणी झगा दिला नव्हता.

निघताना मी खुंटीकडे पाहिले होते. ती रिकामी होती. सुमेधाने एक झगा घातला होता, उर्जाने एक.

तेवढ्यात मला तिसरा दिसला. रस्त्यावर उघडणाऱ्या कमानीखाली एक अतिशय उंच भूत उभे होते. उर्जा त्याच्याकडे धावत गेली. त्याने वाकून तिचा हात धरला आणि दोघे कमानीतून बाहेर, रस्त्याच्या दिशेने निघाले.

मी धावलो. मी कधी धावत नाही. लेनाच्या टोपलीला माझा धक्का लागला, चॉकलेटे विखुरली, पण मी थांबलो नाही. मागून तो पांढरा झगा दोन्ही मुठींत धरला आणि माझ्याच कानांना अनोळखी अशा आवाजात ओरडलो, "तिला सोडा! सोडा तिला आधी!"

शिवण टर्रकन उसवली. आतून चष्मा लावलेला, केस विस्कटलेला एक माणूस बाहेर आला. त्याच्या मुठीत गोळ्यांची रंगीत वेष्टणे होती.

"अहो, अहो, हळू," तो म्हणाला. "शेजारच्या अंगणात जातोय फक्त. तिकडे मोठी चॉकलेटं देतात म्हणे. आपण...?"

उत्तर मी द्यायला हवे होते. ते उर्जाने दिले. झग्याचे फाटलेले टोक हातात घेऊन ती वडिलांना समजावीत म्हणाली, "पापा, दास इस्ट नूर देर गौरांग. उन्झर उंटरमीटर." हा तर नुसता गौरांग, आपल्याकडे एक खोली भाड्याने घेऊन राहणारा. त्यात 'काका' नव्हता. तिच्या जर्मनमध्ये तो कधीच नव्हता, आणि तिचा त्यात काही दोषही नव्हता. आपल्याकडे पोस्टमन आणि रिक्षावालाही काकाच असतात. ती आईने शिकवलेली रीत तेवढी पाळत आली होती.

सुमेधा धापा टाकत आली. "अरे गौरांग, काय हे!"

"त्यांना रागवू नकोस," देवदत्त म्हणाले. "अंधारात एवढं धिप्पाड भूत पोरीला घेऊन चाललंय म्हटल्यावर कुणीही धरलंच असतं. चांगलंच केलं त्यांनी." मग त्यांनी मान वर करून बाल्कनीकडे पाहिले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. "आणि सुमेधा, ते दिवे! तू फोटो पाठवलास तेव्हा मी भर मीटिंगमध्ये हसलो गं."

"तू तर बोलूच नकोस. आपणही पहिल्या दिवाळीला तेच आणले होते."

"आणि खालच्या फ्राउ बाउमान दार वाजवून विचारत होत्या, घरात कोण गेलं म्हणून!"

"काळे कपडे घालून आल्या होत्या बिचाऱ्या! केक घेऊन!"

ते दोघे कमानीला टेकून, एकमेकांच्या दंडाला धरून हसत होते. तेव्हा मला कळले की उद्या इथे लोक आपल्या माणसांच्या कबरींवर दिवे ठेवायला जातात, आणि ते दिवे लाल असतात, सोनेरी टोपणाचे. मीही हसलो. हसायला हवे होते.

वर आल्यावर देवदत्त आणि उर्जा भोपळे कोरायला बसले. मोठा, मध्यम आणि लहान. सुमेधाने फिकट रंगाचा चौथा उचलून माझ्यासमोर ठेवला.

"हा तुझा," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच घेतला होता." ती खुर्ची ओढून बसली. "देवदत्त जानेवारीत इकडे परत येतोय. पुन्हा जमवून बघायचं ठरवलंय आम्ही. घर लहान पडेल रे. तुला कधीपासून सांगायचं होतं, पण तू त्या बिजागऱ्या बसवत असायचास, हीटर बघायचास, इतका खूश दिसायचास... मला धीरच होईना. खोली शोधायला मी मदत करेन. घाई नाही. वसंतापर्यंत राहा."

"गेनाऊ," मी म्हणालो. "बरोबर आहे तुमचं."

"हा घेऊन जा नव्या घरी. टिकतो म्हणे बरेच दिवस."

टेबलावर आता मेणबत्तीचा उजेड होता. सकाळच्या उजेडासारखा तो परवानगी मागत नव्हता. उटण्याची वाटी, अर्धी चकली, भोपळ्याच्या बिया, उर्जाच्या हातावर ठेवलेला तो मोठा हात, हे सारे त्यात एकदम आणि स्वच्छ दिसत होते. उर्जाने मान वर केली आणि मराठीत विचारले, "काका, तू कोरणार?"

मी सुरी घेतली. उद्या पहिली तारीख होती. दर पहिल्या तारखेला जातात तसे उद्याही माझे पैसे सुमेधाच्या खात्यात जाणार होते. मी त्या घरात भाड्याने राहत होतो.