डाव्या सिलिंडरचं ब्लडप्रेशर

"ज्याला मिश्रण कळलं, त्याला ब्रह्मांड कळलं," बर्मिंगहॅममधल्या आपल्या गॅरेजात उभं राहून डॉ. शशिकांत देवस्थळी म्हणाले. त्यावर त्यांच्या स्नोमोबिलने दोन उचक्या दिल्या, मागून काळा धूर सोडला आणि मान टाकली.

डॉक्टर भूल देणारे. वीस वर्षं ऑक्सिजन आणि गुंगीचा वायू मापात मिसळून त्यांनी निम्मं शहर झोपवलं होतं आणि, हे ते आवर्जून सांगत, परत उठवलंही होतं. तेव्हा नुसतं पेट्रोल आणि हवा मिसळणारं यंत्र आपल्याला हरवेल हे त्यांना पटत नव्हतं.

स्नोमोबिल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल. पुढे दोन स्क्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा. इंग्लंडात ती घेणं म्हणजे सोलापुरात होडी घेणं. पण १९९० चा डिसेंबर उजाडला आणि खरोखरच गुडघाभर बर्फ पडला. डर्बीशरच्या टेकड्यांवरच्या स्की क्लबने शब्द दिला : रविवारी या यंत्राने स्ट्रेचर ओढत वरच्या झोपडीपर्यंत नेलं, तर डॉक्टर क्लबचे रेस्क्यू ऑफिसर. अकरा वर्षं ते त्या क्लबचे मेंबर होते आणि अकरा वर्षं त्यांच्याकडे फक्त चहाचे थर्मास सांभाळायला असत. हे पद त्यांना हवंच होतं.

आज शनिवार होता.

रोग असा, की गाडी हळू चालताना गुणी. पण इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोने जोर धरला, की डावा सिलिंडर उपाशी. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचं पेट्रोल वाढवून पाहिलं. उजव्याला अजीर्ण झालं. त्याचा प्लग काजळीने काळाकुट्ट. डाव्याचा पांढराफटक तो पांढराफटकच.

"भावजी, आधी फ्लोचार्ट काढू या," माधव म्हणाला. हा डॉक्टरांचा मेव्हणा. ब्रॅकनेलच्या एका कॉम्प्युटर कंपनीतून वीकेंडला आला होता.

"पेशंट टेबलावर असताना फ्लोचार्ट काढत नाहीत, माधव."

"मग बंद करून परत चालू करू."

"तुमच्या कंपनीत पगार याचाच देतात ना?"

दोघांनी प्लगांची अदलाबदल केली. डावीकडचाच पांढरा. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन्ही कार्ब्युरेटरच इकडचे तिकडे केले. तरी उपास डावीकडेच. म्हणजे दोष भाडेकरूत नव्हता, घरात होता.

तेवढ्यात प्रमोदिनीबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. त्यांनी प्लग हातात घेऊन पाहिला. "अहो, हा इतका पांढरा पडलाय. बीपी तरी बघितलंत का?"

माधव हसला. डॉक्टर हसले नाहीत. पोहे तसेच ठेवून ते घरात गेले आणि पाऱ्याचं ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन आले.

"टर्बो वरून हवा दाबतो," ते म्हणाले. "तोच दाब या बारीक नळीतून कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीवरही यायला हवा. नाही आला, तर पेट्रोल वर चढतच नाही. मी हेच म्हणत होतो."

"कधी?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

गाडीचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवला. माधवने थ्रॉटल दाबला. पलीकडच्या घरातला पडदा हलला. उजव्या नळीला यंत्र लावलं : एकशे तीस.

"माझ्यापेक्षा बरं आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

डाव्या नळीला लावलं. पारा हललाच नाही.

नळी उपसली, तिच्यात प्रमोदिनीबाईंची क्रोशाची सुई घातली, आणि जमिनीवर एक तांदळाचा दाणा पडला. फुगलेला. कुंकवाने लाल.

माधवने तो चिमटीत उचलला.

"दसरा," माधव म्हणाला.

"प्रमोदिनी, इंजिनात अक्षता टाकायच्या असतात का गं?" डॉक्टरांचा आवाज मृदू झाला होता. ऑपरेशनआधी होतो तसा.

"मी बॉनेटला फक्त कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. तुम्हीच नळ्या सोडवून बसला होतात साफसफाईला. 'बाहेरून कसली पूजा, शक्ती तर आत आहे' म्हणालात आणि मूठभर अक्षता टाकल्यात. वर मंत्रही म्हणालात. सत्यनारायणाचा."

डॉक्टरांनी पोह्यांची बशी उचलली आणि पोह्यांत मीठ कमी असल्याचं सांगितलं.

मग सगळ्या नळ्या फुंकून आणखी चार दाणे निघाले. उजव्याचं वाढवलेलं पेट्रोल कमी केलं, डाव्याचंही. संध्याकाळपर्यंत दोन्ही प्लग सारखे झाले : बिस्किटासारखे तपकिरी.

रविवारी क्लबचे चेअरमन मिस्टर बॉटम्ली घड्याळ घेऊन उभे होते. जखमी म्हणून माधवला ब्लँकेटात गुंडाळून, चार पट्टे आवळून स्ट्रेचरवर बांधलं. डॉक्टर गाडीवर बसले. टर्बो गुरगुरला, डाव्याने उजव्याला साथ दिली, आणि गाडी एका दमात झोपडीपाशी पोचली. एकही उचकी नाही.

मागून सगळे धापा टाकत वर आले. मिस्टर बॉटम्लींनी डॉक्टरांच्या कोटावर लाल बिल्ला लावला. टाळ्या झाल्या. प्रमोदिनीबाईंचेही डोळे ओलावले. थंडीमुळे, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि संकटात सापडलेल्या मनुष्याविषयी बोलायला सुरुवात केली. त्याला धीर कसा द्यावा. त्याची वेदना न सांगता कशी ओळखावी. ते तिसऱ्या पानावर होते.

"अहो रेस्क्यू ऑफिसर," मागून स्ट्रेचरवरून अदबीचा आवाज आला, "तेवढे पट्टे सोडता का? मला शू लागलीय."