पितळेची मासोळी

सुतारमिस्त्रीने फडकं सोडून पितळेची मासोळी काउंटरवर ठेवली आणि दुकानाच्या मालकीण काकूंकडे न बघताच म्हणाला,

"जुन्या फोटोवरून नवी ओतून घेतली. तुमच्या दाराची मूठ, होती तश्शी."

अख्ख्या जुन्या बाजारपेठेला मूळ रूप द्यायचं काम चाललं होतं. कमानींवरचे पत्रे उतरले, फळ्यांचा रंग खरवडून झाला. घड्याळांच्या या दुकानाचं दार तेवढं मुठीवाचून अडलं होतं. तीस वर्षांपूर्वी दार दुरुस्त होत असताना मूठ गेली आणि आळ आला मालकांच्या धाकट्या भावावर. किल्ली त्याच्याकडे होती ना!

नेली होती दार दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीनेच. का, तर देखणी होती म्हणून! विकायचा धीर झाला नाही, परत द्यायला तोंड नव्हतं. इतकी वर्षं ती हत्यारांच्या पेटीत तळाशी पडून होती.

"हुबेहूब आहे हो," काकू म्हणाल्या. "हिच्यापायी घरात काय महाभारत झालं! भावजी नेसत्या कपड्यांनिशी गेले. हे वारेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत."

"जुनं झालं ते, काकू," मिस्त्री पुटपुटला.

काकूंनी खणातून एक डबी काढली. आत चार स्क्रू होते.

"चोराने हे उंबऱ्यावर ओळीने ठेवले होते. मोठा नीटनेटका माणूस!"

त्यांनी एकेक स्क्रू मासोळीच्या भोकात घालून पाहिला. तीन सरळ बसले. चौथा शेपटीपाशी तिरका गेला, पण घट्ट बसला.

"हे भोक पाडताना सासऱ्यांचा हात घसरला होता," त्या म्हणाल्या. "फोटो तर रस्त्यापलीकडून काढलाय. त्यात अख्खी मासोळी तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. मग तुझ्या ओतणाऱ्याला हे वाकडं भोक कुठून कळलं रे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मिस्त्रीला झालं.

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. चष्मा लावून त्यांनी फोन फिरवला.

"भावजी, मी वहिनी. हो, बरी आहे. जरा थांबा, एकाला तुमच्याशी बोलायचंय."

त्यांनी फोन मासोळीशेजारी ठेवला आणि त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"हॅलो?" फोनमधून एक थकलेला आवाज आला. "कोण बोलतंय?"

मिस्त्रीने दोन्ही हात शर्टाला पुसले आणि फोन उचलला.