मैत्रेयीने स्प्रिंगा काढल्या

पांढरकवड्याला हायवेवर माझं कमान-पाट्याचं, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगांचं दुकान होतं. हैदराबादकडे जाणारे ट्रक माझ्याकडे थांबत. तुटलेला पाटा काढून नवा चढवायचा, जास्त माल वाहायचा असेल तर एक पाटा वाढवून द्यायचा, हेच आयुष्यभर केलं. अक्षरं मला फार उशिरा आली, पण गाडी कशी उभी आहे ते पाहून तिचं दुखणं ओळखता येत होतं. म्हणून माझी नात मैत्रेयी तिची रिमोटची गाडी घेऊन माझ्यापुढे बसली तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्याच घरचं काम.

गाडी हातभर लांब. चाकं मोठी आणि मऊ, लोण्यात बोट रुतावं तशी दबणारी. ती पळण्यासाठी नव्हतीच. खडकावर सावकाश चढायचं, एवढंच तिचं काम.

नागपूरचे किसनसिंग अशा गाड्या जुळवून विकतात. त्यांच्या वर्कशॉपात एका माणसाची जागा निघाली होती. मैत्रेयी आयटीआय करून इथे मोबाइलच्या दुकानात बसत होती, पण जीव त्या जागेत अडकलेला. जेवताना घास हातात धरून ती चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपबद्दल बोलायची. किसनसिंग रविवारी आमच्या गावाबाहेरच्या नाल्यावर येणार होते. अट एकच. स्वतः जुळवलेली गाडी आणायची आणि नाल्यातला मोठा काळा खडक तीन खेपांत चढवून दाखवायची.

मैत्रेयीची गाडी अर्ध्यापर्यंत छान जायची. वरच्या उभ्या अंगाला लागली की पुढची चाकं हवेत आणि गाडी उताणी.

"मागून बसते ते," मी म्हणालो. "कडक स्प्रिंग टाक. चारही जागी टाक. ट्रक बसला का आपण काय करतो? पाटा वाढवतो."

"आबाजी, ट्रकात माल असते. इच्यात काय हाय?"

"माल नसन, पण ऐट पाहिजे का नाही? गाडी उभी राह्यली तर चढन."

ती हसली. माझा शब्द मात्र मोडला नाही. कडक स्प्रिंगा बसवल्या आणि गाडी चांगली चार बोटं उंच झाली. शेजारची इंदूबाई पाहायला आली. म्हणाली, "बाप्पा, पोळ्यातल्या बैलावाणी दिसून राह्यली!" मी मिशीवरून हात फिरवला.

रविवारी सकाळी नाल्यावर माणसं जमली, इंदूबाईने नाव दिलेला बैल पाहायला. पाणी आटलेलं, खडक उन्हात तापायला लागलेला. उमरखेडहून राजकुमार नावाचा एक जण आला होता, त्यालाही तीच जागा हवी होती. त्याची गाडी तिन्ही खेपा एकाच कपारीत अडकली. तिसऱ्यांदा त्याने ती हाताने ओढून काढली आणि म्हणाला, "खडकानं ठेवूनच घेतली असती, जावई समजून." लोक हसले. तोही हसला, पण दगडावर जाऊन बसला तो खाली मान घालून.

आता मैत्रेयी. पहिल्या खेपेला गाडी वरच्या अंगाला पोचली आणि पाठीवर पडली. दुसऱ्या खेपेला तर अर्ध्यातूनच कोलमडली, गडगडत माझ्या पायाशी आली.

"ताई, बैल उधळला तुमचा!" राजकुमार ओरडला.

मैत्रेयीने गाडी उचलली, सपाट दगडावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आबाजी, स्प्रिंगा काढून टाकू का?"

"नरम टाकतं?"

"नाही. काढूनच टाकू. एकही ठेवायची नाही."

कमानीशिवाय गाडी मी भंगारातच पाहिली होती. "अवं, जमिनीवर बसन ते!"

"बसू द्या. चढावर वजन मागं जाते ना, तेव्हा पुढची स्प्रिंग उघडते अन् नाक वर ढकलते. आपणच इले उलटवून राह्यलो. स्प्रिंग नसली का चाक आपल्या वजनानं खाली लोंबते, जिथं खड्डा तिथं जाऊन टेकते."

"तुले कसं माहीत?"

"परवा आंगणात करून पाह्यलं. तुम्ही बाजारात गेलते."

"मंग आज आधीच काहून नाही केलं?"

ती स्क्रू ड्रायव्हर पुसत हळूच म्हणाली, "तुम्ही कडक टाक म्हटलं होतं ना."

तिची जागा जात होती आणि ही पोरगी माझा मान राखत बसली होती.

"काढ," मी म्हणालो. "आता कोनाचंच आयकू नको. माह्यं तर बिलकूल नको."

मग तिचे हात चालले. मी नामी मिस्त्री पाहिले आहेत, पण असे हात पाहिले नाहीत. किसनसिंग घड्याळ पाहत होते तरी तिने घाई केली नाही. एकेक शॉकअप सोडवला, स्प्रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. मागची चाकं सावकाश हलावीत म्हणून मागच्या दोन्हींतलं पातळ तेल काढून मधासारखं दाट तेल भरलं. दांडी अलगद वरखाली केली, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत वाट पाहिली, मगच झाकण लावलं. उभी केली तर गाडी पोट टेकल्यासारखी खाली बसली.

"आता म्हैस झाली!" राजकुमारचा आवाज आला.

तिसरी खेप. गाडी खडकाला चिकटून निघाली. एक चाक भेगेत उतरलं, दुसरं उंचवट्यावर चढलं, पण वरची बॉडी हलली नाही. डोक्यावर घागर घेऊन बाई चालते तशी स्थिर. उभ्या अंगाशी ती थांबली. मैत्रेयीने रिमोटवरचं बोट जरासं सैल केलं. मागचं डावं चाक खाली घसरलं, मला न दिसलेल्या एका कोपऱ्यात जाऊन टेकलं, आणि पुढची दोन्ही चाकं वरच्या कडेवर आली. एक धक्काही न बसता गाडी खडकाच्या माथ्यावर गेली.

पहिली टाळी राजकुमारची होती.

किसनसिंगांनी गाडी खाली आणली, बोटाने दाबून पाहिली. मग आपली स्वतःची मोठी गाडी तिच्यापुढे ठेवली. "हिच्या पण काढून टाक."

मैत्रेयीने ती गाडी दोन्ही हातांनी उचलली, वजन घेतलं आणि परत ठेवली.

"नाही साहेब. तुमची बॅटरी मागं हाय अन् जड हाय. काढल्या तर मागून घासत जाईन. इच्या पुढच्याच काढायच्या, मागं नरम ठेवायच्या. पण आधी चालवून पाहू द्या."

किसनसिंग मोठ्याने हसले. "सोमवारी ये नागपूरला. भाऊ, हिला कोणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं.

"मी तर नाही," मी म्हणालो.

मैत्रेयीने येते म्हणून मान हलवली, पण वर पाहिलं नाही. ती त्यांच्या गाडीसमोर उकिडवी बसली होती आणि मागच्या चाकाखाली बोट घालून ते किती लोंबतं ते पाहत होती. राजकुमार आपली गाडी घेऊन तिच्या बाजूला येऊन बसला. मीही गुडघे धरत खाली बसलो, तिचे हात दिसतील असा.