ल्यूबाईंनी टाकलेला घास

सुज्ञ वाचकहो, चीन व अमेरिका या दोन बलाढ्य राष्ट्रांमधील व्यापाराचा एक प्रसंग मी आपल्यापुढे निवेदन करणार आहे. या विषयावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले असेल. मी मात्र तो व्यापार एका जेवणाच्या टेबलावर पाहिला, आणि तेथे वाढपी मीच होतो. जसे घडले त्याच क्रमाने सांगतो.

"बाबा, प्लीज, तो पंप शालीखाली घ्या," यामिनी म्हणाली. "पाहुण्यांसमोर आजारपण नको."

"अगं, जून महिना आहे. शालीत शिजतोय मी."

"एसी वाढवते. पण झाका."

मोरेश्वरकाकांनी निरुपायाने शाल ओढून घेतली. त्यांच्या पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला होता. दंडात बसविलेल्या नळीतून औषध सोडणारा तळहाताएवढा पंप पिशवीत घालून ते कमरेला बाळगत, आणि घरातल्या घरात हिंडत.

यामिनी केळस्कर ही त्यांची एकुलती एक कन्या. मॉरिसव्हिलमधील एका लहानशा कंपनीत ती खरेदी विभाग सांभाळते. ही कंपनी औषधाच्या पंपांत बसणाऱ्या चिमुकल्या मोटरी बनविते. त्या मोटरींना लागणारे नखाएवढे चुंबक चीनमधील निंगबो शहरातून येतात. पूर्वी ते भाजीपाल्यासारखे नियमित येत. पुढे चीनच्या सरकारने अशा चुंबकांना निर्यातीचा परवाना सक्तीचा केला आणि सारे अडले. चुंबक अखेर कोणाच्या हाती जातो, लष्कराकडे तर जात नाही ना, हे दाखविल्यावाचून परवाना नाही.

यामिनीपुढील संकट उघड होते. कपाटातील चुंबक संपत आले होते. ते संपले की कारखाना बंद, नोकरी बंद, आणि तिचा व्हिसा नोकरीवरच अवलंबून असल्याने काकांचे औषध अर्ध्यावर टाकून परतणे भाग.

त्या दिवशी निंगबोच्या कारखान्यातील निर्यात-अधिकारी ल्यूबाई स्वतः पाहणीस आल्या होत्या. परवान्याच्या अर्जावर सही त्यांची, त्यामुळे त्यात काही खोटे निघाले तर तिकडे जाबही त्यांनाच विचारला जाणार. परंतु कंपनीच्या वकिलाने ग्राहकांची नावे गुप्त असल्याचे सांगून काहीच दाखवू दिले नाही. दिवसभर बाईंना एक बंद खोली व कॉफी मिळाली. तेव्हा यामिनीने त्यांना घरी जेवायला बोलाविले आणि मला निरोप धाडला. मी येथील भारतीय किराणा दुकानाच्या स्वयंपाकघरात काम करतो. यामिनी मला गुरुदादा म्हणते.

मसालेभात, भरली वांगी, कोथिंबीरवडी व आम्रखंड असा बेत होता. ल्यूबाई साठीकडे झुकलेल्या, बुटक्या आणि मितभाषी. जेवल्या मात्र मनापासून. त्यांचे ताट रिकामे झाले की काका खूण करीत.

"वाढ रे गुरू, संकोच करतायत त्या."

मी वाढी. बाई ते संपवीत. मी पुन्हा वाढी. अखेर बाईंनी चमचा खाली ठेवला. ताटात थोडा भात व अर्धी वडी तशीच राहिली.

यामिनीचा चेहरा उतरला. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"संपलं, गुरुदादा. त्यांनी पानात टाकलं."

"अगं, चांगला तीनदा भात घेतलाय त्यांनी."

"घेतला कुठे? बाबांनी ढकलला! ऑफिसात वकील आणि घरी बाबा. बाई उद्याच्या फ्लाइटनं नाही म्हणायलाच जाणार बघ."

इतक्यात बाहेरून काकांचा आवाज आला. पानात अन्न टाकणे त्यांना जन्मभर सहन झाले नव्हते.

"मॅडम, वन बाइट! ओन्ली वन! फॉर मी!"

आग्रह करण्याकरिता ते टेबलावर ओणवे झाले असावेत, कारण नळी दुमडली, शाल गळून पडली आणि पंप कर्कश आवाजात पीं पीं करू लागला. यामिनी धावली. तिने नळी सरळ केली, बटण दाबले. आवाज थांबला.

"सॉरी," ती ओशाळून इंग्रजीत म्हणाली. "माझे वडील जरा आजारी आहेत. आमच्यात पाहुण्यांना असं दाखवत नाहीत."

"आमच्यातही नाही दाखवत," ल्यूबाई म्हणाल्या. त्यांची दृष्टी पंपावर खिळली होती. "यात मोटर कुठली?"

 वकिलाची ताकीद यामिनीला आठवली असावी. मग तिने वडिलांकडे पाहिले.

"आमचीच."

ल्यूबाई खुर्चीवरून उठल्या व काकांपाशी गुडघे टेकून बसल्या. हातानेच परवानगी विचारून त्यांनी पिशवीला कान लावला. खोली इतकी शांत झाली की ती बारीक टकटक मलाही ऐकू आली.

"इतकी वर्षं मी खोकी भरून पाठवते," त्या म्हणाल्या. "चालताना आज पहिल्यांदा ऐकलं. दिवसभर मला हेच पाहायचं होतं, आणि तुम्ही ते शालीखाली ठेवलं होतं!"

यामिनी हसली की रडली, मला नीट सांगता येणार नाही.

"आणि जेवणाचं काय? आवडलं नाही ना?" तिने धीर करून विचारले.

"फार आवडलं. आमच्या घरी जुनी माणसं थोडं ताटात ठेवतात. ताट चाटूनपुसून साफ केलं, तर यजमानाला वाटतं की पाहुणा उपाशी राहिला. मी प्रत्येक वेळी ठेवायचं ठरवत होते, पण चव अशी, की विसरून खाऊन टाकत होते!"

हे यामिनीने मराठीत सांगताच काकांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! आणि मी वाढतोय! जीव घेतला असता की मी बाईचा!"

अर्जाला जोडण्यासाठी बाईंनी पंपाचे छायाचित्र मागितले.

"काढा की," काका म्हणाले. "पण थांबा, इस्त्रीचा शर्ट घालू द्या. सरकारी काम आहे."

दुसऱ्या दिवशी वकील पुन्हा आडवा आला. यामिनी मला नंतर म्हणाली, "मी सरळ सांगितलं, हा पंप ओपन मार्केटमधला आहे, पेशंट माझे बाबा आहेत आणि त्यांना फोटो चालतोय. मोटरचं ड्रॉइंग कुठे मागितलंय कुणी?" वकिलाने पुष्कळ विचार केला, आणि ड्रॉइंग न देण्याच्या अटीवर संमती दिली. अर्ज गेला. नंतर मात्र केवळ वाट पाहणे राहिले. पिठात हात असतानाच एके दिवशी मला तिचा फोन आला.

"गुरुदादा, परवाना आला! अर्ध्याच मालाचा आहे, पुढच्या खेपेला परत अप्लाय करायचंय, पण आला!"

कारखाना बंद पडला नाही. पुढे काय होईल हे दोन्हीकडचे राज्यकर्तेच जाणोत. काकांचे औषध मात्र पूर्ण झाले. नर्सने नळी काढली त्या दिवशी यामिनीने मला पुन्हा तोच मसालेभात करायला सांगितले.

काका सावकाश जेवले. पानातील शेवटचे शीतदेखील बोटाने टिपून खाणारा हा मनुष्य. परंतु त्या दिवशी त्यांनी एक घास भात व वडीचा एक तुकडा ताटाच्या कडेला नीट सारून ठेवला.

"बाबा, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"छे गं," काका म्हणाले. "पोट भरलं."

मी ताट उचलले. ते लगेच धुवावेसे मात्र मला वाटले नाही.

वाचकहो, माझ्या ओबडधोबड शब्दांना आपण आपल्या वेळेतून एवढी जागा दिलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

गुरुनाथ पाटकर,
मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना